वारा बघून बोलणारा मालक

आमचा मालक बोलायच्या आधी बोट चाटायचा.

मालक म्हणजे चाळीचा मालक, माझा नवरा नव्हे. आमच्या वेळी नवऱ्यालाही मालक म्हणत, म्हणून आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा भलतंच समजून बसेल. माझा नवरा भातगिरणीवर कामाला होता आणि त्याने कधी काही चाटलं नाही.

तर मालक बोट चाटायचा आणि वर धरायचा. बोटाला ज्या बाजूने गार लागेल, तिकडून वारा. मग त्या बाजूला पाठ करून उभा राहायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "हं, बोला आता." म्हणजे समोरच्याचा श्वास याच्याकडे यायला नको. पनवेलचा वारा काही एका जागी टिकत नाही. खाडीकडून सुटतो, मधेच डोंगराकडून येतो. वारा फिरला की मालक सरकायचा, समोरच्यालाही सरकावं लागायचं. बोलणं संपेपर्यंत दोघांचे दोन-तीन फेरे होऊन जायचे. आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण त्याला तोंडावर म्हणायची, "शेट, बोंबील तरी घ्या नाय तर फुगडी तरी घाला. दोनी एकदम नाय जमायचं."

मी एकदा विचारलं, "मालक, आमचा श्वास तुम्हाला नको, मग तुमचा आम्हाला कसा चालतो?"

"माझी थुंकी तपासलेली आहे," तो म्हणाला. "तुझी आहे?"

नव्हती.

चाटलेलं बोट तो लगेच फिनाइलमध्ये भिजवलेल्या फडक्याला पुसायचा. थोड्या वेळाने वारा बघायला तेच बोट परत चाटायचा. त्याचं तोंड कायम वाकडं का असतं, ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्या काळात क्षयाचं नाव कोणी घेत नसे. 'बारीक ताप' म्हणत. बारीक ताप आला की माणूस आतल्या खोलीत जायचा, दारं-खिडक्या लागायच्या, आणि मग तो एकदमच बाहेर यायचा, चौघांच्या खांद्यावर. मालकाचे तीन भाऊ असेच गेले होते. वारा लागू नये म्हणून त्याच्या आईने खिडकीच्या फटींना कागद चिकटवले होते म्हणे. हे त्याने कधी सांगितलं नाही, सासूने सांगितलं. तो एवढंच म्हणायचा, "क्षय म्हणा, क्षय! नाव घेतल्याने येत नाही. लपवल्याने येतो." आणि हे तो बाजारात, देवळात, कोणाच्या बारशात, कुठेही ओरडून म्हणायचा.

चाळीच्या खिडक्यांना गज होते, पण दारं नव्हती. म्हणजे होती, पण मालकाने बिजागऱ्यांतून काढून माळ्यावर कुलपात ठेवली होती. मृग लागला की पावसापुरती मिळायची. दसऱ्याला परत काढून न्यायचा. गाव सोनं वाटत फिरायचं आणि आमचा मालक खिडक्यांची दारं गोळा करत फिरायचा. मांजरं गजांतून आत येऊन कालवणातले तुकडे न्यायची. थंडीत दात वाजायचे. कोणी खिडकीला लुगडं लावलं, तर बाहेरून काठीने ते वर उचलून तो आत बघायचा, आणि हवा खेळते की नाही एवढं बघून निघून जायचा. माणसांकडे त्याचं लक्ष नसायचं.

माझं नवीन लग्न झालेलं आणि खिडकीला दार नाही. नवऱ्याने गोधडी टांगली. पहाटे बाहेरून काठी आली आणि गोधडी खाली. "हवा कोंडते!" मालक ओरडला. "दोन माणसं श्वास घेतायत आत, त्यातून तरुण!" सगळी चाळ हसली. नवरा दोन दिवस मान वर करून चालला नाही. आम्हाला चार पोरं झाली, ती कशी झाली ते आमचं आम्हाला ठाऊक.

लग्नाचं निघालंच आहे, तर त्याचं एक सांगते. लग्नानंतर विडा तोडायचा खेळ असतो. नवरीने विड्याचं एक टोक दातात धरायचं, नवऱ्याने दुसरं टोक दातांनी तोडायचं, आणि बायकांनी खिदळायचं. मी विडा दातात धरला, नवरा वाकला, तेवढ्यात गर्दीतून मालक आला आणि त्याने अडकित्त्याने विडा मधोमध कापला. कच्चकन. माझ्या नाकापासून चार बोटांवर.

"तोडायचाच होता ना?" तो म्हणाला. "तोडला. अर्धा तू खा, अर्धा तू. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात कशाला?"

सासू म्हणाली, "मालक, उद्या ती एका ताटात जेवतील, तवा काय कराल?"

"ताटात मधोमध पाट उभा करीन," मालक म्हणाला.

थुंकीवर त्याचा फार राग. चाळीच्या दर दारापाशी राख घातलेला डबा ठेवला होता. तंबाखूवाल्यांनी त्यातच थुंकायचं. पुरुषांनी त्याचा खेळ केला होता, लांबून नेम धरायचा. नेम बसला तर मालक "वा!" म्हणायचा. रस्त्यात कोणी थुंकला की मालक मागून हाक मारायचा, "अहो, थांबा, तुमचं काहीतरी पडलं." तो बिचारा वळून, वाकून शोधायचा. "हे बघा, इथे," मालक काठीने दाखवायचा. मग कोटाच्या खिशातून राखेची पुडी काढून त्यावर टाकायचा. त्याच्या कोटाच्या दोन्ही खिशांत राख असायची. वारा सुटला की मालक धुरकट दिसायचा.

माझ्या पहिल्या मुलीची दृष्ट काढताना सासू थू थू करायला लागली, तर हा खिडकीत हजर. "दृष्ट काढा, थुंकू नका. तोंडाने नुसतं थू म्हणा."

"नुसतं म्हटल्यावर भूत हसंल की!" सासू म्हणाली.

"हसू दे. खोकणार तर नाही."

एका वर्षी सरकारी माणसं शाळेत पोरांना टोचायला आली. क्षय होऊ नये म्हणून सुई. बायका पोरं काखेत मारून पळाल्या. कोणी ओवे गावी गेली, कोणी पळस्प्याला माहेरी. अखिती, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. मालकाने चाळीसमोर पाटी लावली : 'अक्षय म्हणजे क्षय नाही. पोरं टोचून घ्या.' चाळीतल्या बायकांत मला एकटीला वाचता यायचं, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती पाटी मी वाचून दाखवत होते. देवळातले भटजी आले आणि म्हणाले, "अहो, अक्षय म्हणजे न संपणारं. अर्थ चुकलाय तुमचा."

मालकाने बोट चाटलं, वारा बघितला, भटजींना फिरवून उभं केलं आणि म्हणाला, "भटजी, श्राद्धं तुम्हालाच मिळायची आहेत. मी फक्त ती लांबवतोय."

अखितीच्या मुहूर्तावर टोचलं तर क्षय येत नाही, असं बायकांनी आपसात ठरवून टाकलं आणि पोरं घेऊन परत आल्या. मालकाने ते खोडून काढलं नाही. स्वतःही बाही सरसावून पोरांच्या रांगेत उभा राहिला. टोचणारा म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नको." पण मालक ऐकेना. शेवटी त्याच्या हाताला तपासणीची सुई दिली, क्षय अंगात कधी शिरला होता का ते कळायची. दोन दिवसांत हात वड्यासारखा फुगला. मालक तो हात गावभर दाखवत फिरला. "बघा! या देहात लढाई झालेली आहे. आणि मी जिंकलोय!"

आता खरं काय ते सांगते.

हिरा माझी नणंद. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, जिभेने मात्र दहा वर्षांनी मोठी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत ती खोकायला लागली. संध्याकाळी अंग तापायचं, गाल लाल व्हायचे. सासू म्हणायची, "लग्नाचं तेज आलं हो पोरीला." मला तेव्हा पहिल्यांदा दिवस गेले होते, आणि हिरा आणि मी दुपारी एकाच चटईवर लवंडायचो.

मालक रोज सकाळी चाळीच्या मागच्या बाजूने खिडक्यांखालून चालत जायचा आणि खोकले ऐकायचा. "ही विडी. हे पडसं. हा नुसता नाटकी, कामाला जायचं नाही म्हणून." आमच्या खिडकीखाली एक दिवस तो थांबला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही थांबला. तिसऱ्या दिवशी पुढच्या दाराने आला आणि सासूला म्हणाला, "वहिनी, पोरीला दवाखान्यात न्या."

"तुमच्या जिभंला हाड नाय!" सासू म्हणाली. "पोरीचं जमत आलंय. मिठागरवाली मानसं बघायला यायची हायेत. ही गोष्ट भायेर गेली तर तिला कोन पत्करंल? जल्मभर माज्या चुलीपुढं बसंल ती."

मीही म्हटलं, "सासूबाई, नेऊया दवाखान्यात." तिने उलथनं फेकलं. मी चुकवलं.

शेवटी सासूने मालकाला त्याच्या मेलेल्या आईची शपथ घातली. पाहुण्यांसमोर एक शब्द बोलायचा नाही. मालक म्हणाला, "एक शब्द बोलणार नाही. पण लग्नाआधी तिला तपासायची." सासू "बघू" म्हणाली. सासूचं 'बघू' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

शिमगा होऊन गेला आणि पाहुणे आले. उरणच्या बाजूचे, बैलगाडी करून. मुलगा, त्याचा बाप, एक चुलता. बाप म्हणजे उन्हाने काळा पडलेला दांडगा माणूस, मिठाने टाचा फुटलेल्या. अंगणात घोंगडी अंथरली. पाहुणे टेकतात न टेकतात तोच मालक आला. ओठ घट्ट मिटलेले.

"हे कोन?" मुलाच्या बापाने विचारलं.

"चालीचे मालक," सासू म्हणाली. "आज मौन हाय त्यांचं."

मालकाने सवयीने बोट चाटलं आणि वर धरलं.

मुलाच्या बापाचे डोळेच चमकले. मिठागरवाल्याचं सगळं पोट वाऱ्यावर. कोरडा वारा आला तर मीठ पिकतं, ओला आला तर पाणी. "वारा बगताय व्हय?" तो म्हणाला, उठला, आणि त्यानेही बोट चाटून वर धरलं. दोघं बोटं वर करून अंगणात उभे. वारा फिरला, मालक सरकला, पाहुणाही सरकला. चुलता मुलाला म्हणाला, "जानकार मानूस दिसतोय."

हिरा चहा घेऊन आली. मुलाने चहा घेतला आणि हिराकडे बघत राहिला. बापाने नाव विचारलं, हिराने सांगितलं, आणि नावाच्या शेवटी खोकला आला. तिने तो गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"चहात सुंठ जास्ती झाली," सासू म्हणाली.

हिरा आत पळाली. आणि मग आतून जो खोकला आला, तो काही सुंठीचा नव्हता. चांगला लांबलचक, खोल. मी दारात उभी होते, माझ्या अंगावर काटा आला. मालकाचं तोंड लाल झालं. शपथ होती, म्हणून ओठ त्याने दाबून धरले. पण शपथ बोलण्याची होती, हातांची नव्हती.

त्याने मुलाच्या बापासमोर जाऊन गाल फुगवले आणि फू करून हवा सोडली. छातीवर हात आपटला. मग दोन्ही हात वर नेऊन बोटं हलवत खाली आणली. थुंकीचे कण कसे उडतात, ते तो दाखवत होता. मग रस्त्याकडे हात केला, म्हणजे दवाखान्याकडे. परत गाल, परत बोटं, परत रस्ता.

बापाने वर बघितलं. आभाळ स्वच्छ. "पाऊस?" तो म्हणाला. "आत्ता, शिमग्यावर?"

आपलं म्हणणं पोचलं असं वाटून मालकाने जोरजोरात मान हलवली.

"मोठा हाय?"

मालकाने दोन्ही हात पसरले. फार मोठा.

"कवा येल?"

मालकाने बोट जमिनीकडे रोखलं. आलाय. इथे आलाय.

"आगं आय गं!" बाप उडालाच. "राशी उगड्या हायेत! उठा रं, उठा! गाडी जुपा! समदं मीठ जाईल!" चुलत्याने एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात माझ्या नवऱ्याची चप्पल घातली. मुलगा कप हातात घेऊनच पळाला. बैल उठेनात, चुलता शेपट्या पिरगाळतोय, बाप आभाळाकडे बघून देवाला शिव्या देतोय, आणि मालक त्यांच्या पुढे जाऊन परत गाल फुगवतोय. तो जितके गाल फुगवी, तितकी त्यांची घाई वाढे.

सासूने बघितलं की सोयरीक गाडीत चढली. ती पदर खोचून रस्त्यावर धावली आणि बैलांच्या पुढ्यात आडवी उभी राहिली.

"अवो पावनं, थांबा! पाऊस नाय तो! हिराचा खोकला हाय!"

खिडक्यांना दारं नव्हतीच. चाळीतल्या सगळ्या खिडक्यांत तोंडं आली. सासूने स्वतःच्या तोंडावर हात मारला, पण आता काय उपयोग.

"म्हंजी पाऊस नाय?" बापाने विचारलं.

"नाय."

"नक्की?"

"पाऊस कुठला!" मालकाला आता राहवेना. "क्षय! क्षय म्हणतोय मी मघापासून!"

मुलाचा बाप गाडीच्या जुवावर बसला आणि त्याने मुंडाशाने तोंड पुसलं. "मेल्या, घाबरवलंस की. माजं वर्साचं मीठ गेलं असतं." आणि तो हसायलाच लागला. चुलताही हसायला लागला. सासू मात्र रस्त्यातच बसून रडायला लागली. मी तिला उठवायला गेले नाही. तिने रडून घेतलेलं बरं, असं मला वाटलं.

हसू ओसरल्यावर बापाने मालकाला विचारलं, "बरा व्हतो का तो?"

"आता होतो," मालक म्हणाला. "सुया आहेत, गोळ्या आहेत. वर्ष-दीड वर्ष, एक दिवस चुकवायचा नाही. उजेड, वारा, पोटभर खाणं. पण लपवलं तर नाही होत."

बाप थोडा वेळ बैलाची पाठ खाजवत बसला. मग सासूला म्हणाला, "मीठ वलं झालं तर आमी काय खाडीत टाकतो? सुकवतो. सुकवा पोरीला. मंग नेतो."

ऐकायला छान वाटतं. पण त्यांच्या गावात पाणी खारं होतं, गोड पाण्याचा हंडा लांबून डोक्यावर आणावा लागायचा, आणि तिकडे मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. सासूला हे ठाऊक होतं. ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "नेतील नाय तर काय करतील? दुसरं कोन देतंय त्यांना!"

दुसऱ्याच दिवशी हिराला दवाखान्यात नेली. क्षयच निघाला. आम्हा सगळ्यांना तपासलं, आम्ही सुटलो. मालकाने तिची खाट ओटीवर टाकली, ताट-तांब्या वेगळा केला, आणि रोज सकाळी सुईसाठी तिला पुढे घालून दवाखान्यात न्यायला लागला. रस्त्याने ती त्याला शिव्या द्यायची आणि तो मधे मधे थांबून वारा बघायचा. ती खोकली की पदर तोंडाला लाव म्हणायचा. करोनात सगळं गाव तोंड झाकून, लांब लांब उभं राहून बोलायला लागलं, तेव्हा मला एकटीलाच हसू येत होतं. नातवाला वाटलं, आजीचं डोकं फिरलं.

मुलाचा बाप मीठ घेऊन बाजाराला आला की चाळीसमोर गाडी थांबवायचा. बोट चाटून वर धरायचा, मालकही धरायचा. मग तो विचारायचा, "सुकली काय?"

"ओल आहे अजून," मालक सांगायचा.

पावसात तो आला नाही. दिवाळी झाल्यावर परत आला. "सुकली काय?" "थोडी ओल आहे." हिराच्या अंगावर मांस आलं होतं, ताप गेला होता, तरी मालकाचं आपलं तेच. पुढचा शिमगा आला आणि गेला. मग डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि औषध बंद केलं. चांगली झाली म्हणाले. मालकाला पटलं नाही. दोन दिवस आमच्या खिडकीखाली कान लावून फिरला.

आणि मग बाजाराच्या दिवशी मिठाची गाडी आली. मुलगाही होता या वेळी. दोघा म्हाताऱ्यांनी बोटं वर केली, एकमेकांभोवती अर्धा फेरा मारला, आणि बापाने विचारलं, "सुकली काय?"

मालकाने तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीच्या गजांना धरून हिरा ओरडली.

"सुकली काय, सुकली काय! वरीस झालं ऐकतेय! मी काय बोंबील हाय दोरीवर टाकलेला? येता-जाता बोट वर करून इचारताय! अंडी खाऊन खाऊन कोंबडी झाले, सुया टोचून टोचून अंगाची चालन झाली, त्या थंडीत ओटीवर झोपले, या म्हाताऱ्यानं फिनाइलचा वास देऊन देऊन नाक जललंय माजं, आनि तुमी इचारताय सुकली काय! बगा की डोल्यांनी! डोलं काय मीठ खाऊन गेलं तुमचं?"

एका दमात. मधे कुठे थांबली नाही.

ओरडणं संपलं आणि चाळ गप्प झाली. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. मी कडेवरच्या पोरीच्या तोंडातला खुळखुळासुद्धा काढून घेतला. सासूने डोळे मिटले होते. मालकाने मान तिरकी करून खिडकीकडे कान केला आणि तसाच राहिला. बैलांनी कान हलवले. माशी घोंगावली. खोकला आला नाही.

"न्या," मालक म्हणाला.

"मला कोन इचारतो, जायचंय का नाय!" हिरा आतून ओरडली, आणि लुगडं बदलायला गेली.